शिक्का त्यांचा, पुरावा मात्र आम्ही द्यायचा!

धम्मयात्रेला जाऊन आलेल्या आमच्या वाचकांना सोनौलीची सीमा नव्याने सांगायला नको. कुशीनगर झाले की बस गोरखपूरमार्गे सोनौलीला येऊन थांबते. ड्रायव्हर आणि यात्रेचे आयोजक गाडीची कागदपत्रे घेऊन 'भन्सार'च्या खिडकीकडे जातात, कारण नेपाळात गाडी न्यायची तर तिची नोंद करावी लागते, दिवसांच्या हिशेबाने पैसे भरावे लागतात. बसमधली माणसे मात्र आपापल्या सीटवर बसून असतात. कोणी पासपोर्ट मागत नाही, कोणी नाव लिहून घेत नाही. फार तर एखादा शिपाई आत डोकावून जातो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्या माणसाला या सीमेवर पासपोर्टही लागत नाही आणि व्हिसाही लागत नाही. म्हणजे गाडीची नोंद होते, माणसाची होत नाही!

मागच्या खेपेस आम्ही तेथे चहा घेत उभे होतो. बाजूला थायलंडहून आलेल्या भिक्खूंची रांग लागली होती. त्यांच्या पासपोर्टवर आधी भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का, मग पलीकडे नेपाळात शिरल्याचा शिक्का, आणि परत येताना पुन्हा तोच प्रकार. त्यांच्या व्हिसावर भारतात दुसऱ्यांदा येण्याची मुभा नसेल तर लुंबिनीला गेलेल्या भंतेजींना तेथून श्रावस्तीला येता येत नाही. आमच्या बसमधल्या एका आजीने हे सारे पाहिले आणि विचारले, "बाबू, हे भंतेजी त बुद्धालेच भेटाले आले, मंग त्यायले कायले थांबवलं?" आयोजक म्हणाले, "त्याहीची नोंद होऊन राह्यली, आजी." आजीचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

नोंद म्हणजे काय? आपल्या कार्यालयांत आवक-जावक रजिस्टर असते, तसेच प्रत्येक देशाचे माणसांचे एक आवक-जावक रजिस्टर असते. कोण आला, कोणत्या तारखेला आला, किती दिवस राहण्याची परवानगी घेऊन आला, आणि गेला की नाही. हिशेब बेरीज-वजाबाकीइतका सोपा आहे. आलेल्यांतून गेलेले वजा केले की उरतात ते मुदत संपूनही राहिलेले. त्यांना हुडकायचे, हाकलायचे, पुढच्या वेळी येऊ द्यायचे नाही. हिशेब सोपा असला तरी रजिस्टर अचूक असेल तरच त्याचे उत्तर बरोबर येते, आणि ते अचूक नसते, ही गोष्ट जगातल्या कोणत्याही सरकारला मोठ्याने सांगावीशी वाटत नाही.

अमेरिकेचेच घ्या. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले, त्या काळी जहाज कंपनीने भरून दिलेल्या प्रवाशांच्या यादीवरून बंदरावर तपासणी होत असे. पासपोर्ट आणि व्हिसाची आजच्यासारखी सक्ती पहिल्या महायुद्धापासून आली. पुढे अमेरिकेने परदेशी पाहुण्यासाठी 'आय-९४' नावाचे एक पांढरे कार्ड आणले. उतरल्यावर अधिकारी त्यावर तारीख टाकी आणि कार्डाचा अर्धा तुकडा पासपोर्टमध्ये टाचून देई. परत निघताना तो तुकडा काढून घेतला की जावक नोंदली गेली. पण काढून घ्यायचा कोणी? आपल्याकडे विमानतळावर बाहेर जातानाही इमिग्रेशनची रांग असते. अमेरिकेच्या विमानतळांवर अशी रांगच नव्हती. हे काम विमान कंपनीच्या काउंटरवरचा कारकून करी. तो घाईत असला, विसरला, किंवा गठ्ठ्यातून एखादे कार्ड गहाळ झाले, तर घरी येऊन आईच्या हातची भाकर खाणारा मुलगा अमेरिकेच्या कागदावर अमेरिकेतच राही! पुढच्या वेळी व्हिसाच्या खिडकीवर त्याला विचारणा होई, की तू गेलाच नव्हतास, मग आता पुन्हा कसा आलास? अशा विसरभोळ्या कार्डांसाठी एक पत्ता दिलेला असे. आपला बोर्डिंग पास, परतल्याचे शिक्के वगैरे पुरावे जोडून कार्ड टपालाने तेथे पाठवायचे. तो पत्ता केंटकी राज्यातल्या लंडन नावाच्या छोट्या गावचा होता. चूक कारकुनाची, पोस्टेज प्रवाशाचे.

ही चूक स्वस्तातली नाही. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे मुदतीनंतर १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून जो बाहेर पडेल त्याला तीन वर्षे, आणि वर्ष किंवा त्याहून अधिक राहिलेल्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश बंद. त्याच कायद्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाची आपोआप जुळणी करणारी यंत्रणा उभारायला सांगितले होते. येण्याची बाजू लवकर पक्की झाली. जानेवारी २००४ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणे सुरू झाले. जाण्याची बाजू मात्र वर्षानुवर्षे लंगडीच राहिली. २०१३ मध्ये विमानाने आणि जहाजाने येणाऱ्यांसाठी ते कागदी कार्ड बंद झाले. आता विमान कंपनी प्रवाशांची यादी सरकारकडे पाठवते, आणि त्यावरून आवक-जावक लावली जाते. म्हणजे शंभर वर्षांनी गाडी पुन्हा कंपनीच्या यादीवरच आली. कॅनडाच्या सीमेवर तर त्यांनी आणखी सोपी युक्ती काढली. दोन्ही देश एकमेकांना नोंदी देतात. कॅनडात शिरल्याची नोंद हीच अमेरिकेतून बाहेर पडल्याची नोंद धरतात. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने परदेशी माणसाचा चेहरा येताना आणि जाताना टिपण्याचा अधिकार सरसकट घेतला गेला आहे.

याच अमेरिकेने २००२ मध्ये आणखी एक रजिस्टर उघडले होते, ते आमच्या वाचकांनी विसरू नये. २५ देशांतून आलेल्या सोळा वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या पुरुषांनी स्वतःहून कार्यालयात जाऊन ठसे, फोटो आणि जबानी द्यायची. त्या २५ पैकी २४ देश मुस्लिमबहुल होते. ऐंशी हजारांहून अधिक माणसांनी कायदा पाळून रांगा लावल्या. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. दहशतवादाचा गुन्हा मात्र एकावरही सिद्ध झाला नाही. २०११ मध्ये हे रजिस्टर थांबवले आणि २०१६ च्या डिसेंबरात त्याचे नियमही रद्द केले. रजिस्टर सर्वांसाठी एकच आहे, असे म्हणतात तेव्हा गावच्या पाणवठ्याची आठवण ठेवावी. पाणी एकच असे, पण उभे राहण्याची जागा जातीप्रमाणे ठरत असे.

युरोपनेही आता शिक्का निकालात काढला आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे २९ देशांच्या बाहेरील सीमांवर नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १० एप्रिल २०२६ ही पासपोर्टवरच्या शिक्क्याला पूर्ण निरोप देण्याची तारीख ठरवली गेली. चेहऱ्याचा फोटो आणि चार बोटांचे ठसे. १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मुभा असते, त्याचा हिशेब पूर्वी अधिकारी शिक्के मोजून करी. आता संगणक करतो. ही माहिती शेवटच्या जाण्यापासून तीन वर्षे ठेवली जाते. जाण्याची नोंदच सापडली नाही, तर पाच वर्षे. यातली मेख लक्षात घ्या. नोंद नसणे हा यंत्राचा दोष असू शकतो, पण पाच वर्षे संशयाच्या वहीत नाव राहते ते माणसाचे.

आता आपल्या घराकडे वळू. भारत सरकार येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांचीही नोंद ठेवते, आणि स्वतःच्या नागरिकाचीही ठेवते. पूर्वी विमानतळावर आपल्यालाही कार्डे भरावी लागत. येतानाचे कार्ड भारतीयांसाठी १ मार्च २०१४ पासून आणि जातानाचे १ जुलै २०१७ पासून बंद झाले. कार्ड गेले म्हणजे नोंद गेली, असे समजू नये. ती पासपोर्ट वाचणाऱ्या यंत्रात गेली. परदेशी माणसाचा माग तर मुक्कामापर्यंत असतो. हॉटेलवाल्याने चोवीस तासांच्या आत 'सी फॉर्म' भरून त्याची खबर द्यायची. ज्या विहारांत परदेशी भिक्खू उतरतात, तेथील आमच्या कार्यकर्त्यांना हा फॉर्म चांगला ठाऊक आहे. न ठाऊक असेल तर करून घ्यावा, नाहीतर भंतेजींबरोबर विहाराचे विश्वस्तही अडचणीत येतात.

पण बाहेर जाणाऱ्या आपल्याच माणसांची सरकारने दोन रांगांत विभागणी केली आहे, ती अधिक बोलकी आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली, जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजे ईसीआर, अशी नोंद असते. सौदी, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचे असेल तर या माणसाला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या कार्यालयाची मंजुरी लागते. दहावी झालेल्याला, आयकर भरणाऱ्याला ती लागत नाही. तीस वर्षांखालील ईसीआर बाईला या देशांत नोकरीसाठी मंजुरीच मिळत नाही. दहावीच्या आत शाळा कोणाची सुटते? गवंडीकाम, सेंट्रिंग, वेल्डिंग, धुणीभांडी करायला वाळवंटात कोण जाते? उत्तर आमच्या वाचकांच्या घरातच आहे.

न्यायाने बोलायचे तर ही तरतूद मजुराच्या संरक्षणासाठी आहे. मालक कोण, पगार किती, कराराप्रमाणे काम मिळते की नाही हे पाहून मग मंजुरी द्यावी, दलालाने फसवू नये, असा तिचा हेतू. त्यासाठी संगणकावर मालकाची नोंदणीही करवून घेतात. पण दलाल सरकारच्या एक पाऊल पुढे चालतो. तो आमच्या पोराला कामाच्या नव्हे, फिरायला जाण्याच्या व्हिसावर पाठवतो. मग त्या पोराची मजूर म्हणून नोंदच होत नाही, आणि तेथे पगार अडला की दूतावासात विचारतात, तुमची कागदपत्रे कुठे आहेत? आमच्या ओळखीचा एक तरुण असा अकरा महिने अडकून पडला. मालकाने पासपोर्ट काढून घेतला होता. घरी येण्यासाठीही मालकाची परवानगी लागे. कतारने ही परवानगीची अट २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी आणि जानेवारी २०२० मध्ये घरकामगारांसाठीही काढली. सौदीने २०२१ मध्ये सैल केली, पण घरकामगारांना त्यातून वगळले. देशाबाहेर पडण्याची किल्ली मालकाच्या खिशात, ही व्यवस्था आमच्या लोकांना वेठबिगार या नावाने आधीपासून परिचित आहे.

या देशात कोणालाही बाहेर जाण्याचा हक्क आहे, तो व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संविधानाच्या कलम २१ चा आधार घेऊन दिला. तरीही जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केले, की ईसीआर लोकांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट देऊ. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला लांबूनच दिसावे, हा दहावी नापास! कोणी गळ्यात मडके बांधले नाही, एवढेच. देशभर टीका झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हा निर्णय मागे घेण्यात आला. रंग गेला, शेरा राहिला.

आतापर्यंत आम्ही रजिस्टर कसे चालते ते सांगितले. रजिस्टर हरवले तर काय होते, हे ब्रिटनने दाखवून दिले. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' या जहाजातून कॅरिबियन बेटांवरची शेकडो काळी माणसे इंग्लंडच्या टिलबरी बंदरात उतरली. महायुद्धाने मोडलेला देश उभारायला माणसे हवी होती. पुढची पंचवीस वर्षे अशी माणसे येत राहिली. ती साम्राज्याची प्रजा होती. तिला येण्याचा आणि राहण्याचा हक्क होता. रेल्वे, बस, इस्पितळे, कारखाने त्यांनी चालवले. पंजाबातून गेलेले आमचे आंबेडकरी आणि रविदासी समाजबांधव वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅमकडे याच काळात गेले. १ जानेवारी १९७३ पासून नवा कायदा लागू झाला. त्यात म्हटले होते, की जे आधीच येऊन स्थायिक झाले त्यांचा हक्क कायम. पण तो हक्क सांगणारा कागद त्यांना दिला नाही, आणि त्यांची यादीही ठेवली नाही. लहानपणी आईच्या किंवा थोरल्या भावाच्या पासपोर्टवर आलेल्या मुलांकडे तर स्वतःचे काहीच नव्हते.

त्यांच्यापैकी अनेकांच्या येण्याचा पुरावा एकाच ठिकाणी होता. जहाजातून उतरताना भरलेल्या कार्डांच्या नोंदी सरकारच्या तळघरात पडून होत्या. कोणाचा अर्ज अडला की कारकून त्या काढून बघत. २०१० मध्ये कार्यालय हलवताना हा गठ्ठा नष्ट करण्यात आला. जागा अडते, आणि लोकांची खासगी माहिती जपून ठेवू नये, ही कारणे देण्यात आली. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच सरकारने जाहीर केले, की बेकायदा राहणाऱ्यांचे जगणे अवघड करून सोडू. २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, बँका, मालक सगळ्यांनाच इमिग्रेशनचे शिपाई करून टाकले. पन्नास वर्षे कर भरलेल्या म्हाताऱ्यांना सांगण्यात आले, की तुम्ही येथे राहत होता हे दाखवा, प्रत्येक वर्षाचे कागद आणा, एकेका वर्षाला चार-चार आणा. १९७१ सालची विजेची पावती कोणाकडे असते? आमच्या वाचकांपैकी कितीजणांकडे १९९१ ची आहे? कोणाची नोकरी गेली, कोणाचे पेन्शन थांबले, कोणाचे कर्करोगाचे उपचार अडले. किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर काढल्याचे सरकारने नंतर स्वतःच मान्य केले. एप्रिल २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांना माफी मागावी लागली, आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. मार्च २०२० च्या वेंडी विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाने तर स्पष्टच सांगितले, की हे सारे आधी ओळखता आले असते आणि टाळता आले असते.

सरकारने आपले रजिस्टर स्वतःच्या हाताने फाडले, आणि मग गरिबाला विचारले, तुझे पान कुठे आहे?

तेथील लोकांना निदान माफी मिळाली. भरपाईची योजना निघाली, ती रखडली हे खरे, पण निघाली. आपल्या पूर्वेच्या सीमेवर हेच घडले आहे, आणि ज्यांच्या बाबतीत घडले त्यांचे आंबेडकरी चळवळीवर मोठे ऋण आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने बाबासाहेबांना संविधान सभेत जाऊ दिले नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून त्यांना निवडून पाठवले. ज्या जेसोर-खुलन्याच्या नमोशूद्रांचे हे पाठबळ होते, त्यांचा खुलना जिल्हा आणि जेसोरचा मोठा भाग फाळणीत पूर्व पाकिस्तानात गेला. बाबासाहेबांना मुंबईतून पुन्हा निवडून यावे लागले. पण त्या नमोशूद्रांचे काय?

नागरिकत्वाची कलमे संविधान सभेत आली, तेव्हा एक कलम सोडले तर मसुदा समितीला याच्याइतकी डोकेदुखी दुसऱ्या कशानेही दिली नाही, असे बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी सांगितले होते. ते खरेच होते. कलम ६ प्रमाणे पाकिस्तानातून कोण कधी आला, यावर त्याचे नागरिकत्व ठरले. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन राहिलेला एका खान्यात. त्यानंतर आलेल्याने अधिकाऱ्याकडे नोंदणी करून घ्यायची, आणि तीही संविधान लागू होण्याआधी. पश्चिमेच्या सीमेवर त्याच तारखेपासून परवाना पद्धत होती, म्हणून तेथे कागद तयार झाले. पूर्वेची सीमा ऑक्टोबर १९५२ पर्यंत आपल्या सोनौलीसारखीच मोकळी होती. माणसे चालत आली, होडीने आली, रेल्वेने आली. नमोशूद्र शेतकऱ्यांचा मोठा लोंढा तर १९५० च्या फेब्रुवारीतल्या दंगलींनंतर आला. म्हणजे कलम ६ ची मुदत संपल्यावर! स्वतः पाकिस्तानचे कायदामंत्री असलेले मंडल त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन भारतात निघून आले. सवर्ण आणि पैसेवाले बहुतांशी आधीच येऊन कोलकात्यात स्थिरावले होते. ज्याची जमीन, होडी, गुरे तिकडे होती, तो मागे राहिला आणि उशिरा आला. उशिरा आलेल्याला सीमेवर मिळाली तर एक चिठ्ठी मिळाली. लोक तिला 'बॉर्डर स्लिप' म्हणतात. त्या चिठ्ठीवर छावणीत नाव लागले, छावणीतून मध्य प्रदेशात, ओरिसात, आणि आपल्या महाराष्ट्रातही पाठवणी झाली.

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत ही बंगाली गावे आहेत. पश्चिम बंगालमध्ये नमोशूद्र अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत, तो निराळाच अन्याय. एका कार्यक्रमानिमित्त आम्ही त्या भागात गेलो होतो. तेथे एका वृद्ध गृहस्थांनी पत्र्याची पेटी उघडून घडीवर फाटत आलेला एक पिवळा कागद दाखवला. त्यावर वडिलांचे नाव, माणसे किती, तारीख, आणि एक जांभळा पुसट शिक्का. शिक्क्यातले अक्षर लागत नव्हते. ते म्हणाले, "दादा, घराला आग लागली तर आधी ही पेटी बाहेर काढायची असे आम्ही मुलांना शिकवले आहे." शेजाऱ्यांच्या घरी मात्र पेटी रिकामी होती, त्यांचा कागद पुरात गेला.

हा पिवळा कागद आज एवढा महत्त्वाचा का झाला? १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याचे कलम ९ सांगत होते, की आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसाचीच. हा कायदा इंग्रजांच्या राजवटीत झाला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा आला तरी पुराव्याचे ओझे जागचे हलले नाही. २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीने कागदाविना आलेला माणूस 'बेकायदा स्थलांतरित' ठरला, आणि त्याच्या येथे जन्मलेल्या मुलांवरही सावली पडली. मग आसामात २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीची रेघ ओढून नागरिक नोंदवही झाली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. २०१९ च्या कायद्याने हिंदू-बौद्धांना दिलासा दिला, असा डांगोरा पिटला. मुसलमानाला त्यातून वगळले, त्यावर आम्ही वेळोवेळी लिहिले आहे. पण दिलासा तरी कसा? मार्च २०२४ च्या नियमांत आल्याची तारीख सिद्ध करायला जी कागदांची यादी दिली, तिच्यात व्हिसाची आणि भारतात आल्यावर पडलेल्या इमिग्रेशन शिक्क्याची प्रत आहे. इतरही कागद चालतात, हे खरे. पण रात्रीच्या अंधारात बायकापोरांना घेऊन नदी ओलांडणाऱ्याने कोणत्या खिडकीवर शिक्का मारून घ्यायचा होता?

आम्ही रजिस्टरच्या विरोधात नाही. चांगले रजिस्टर गरिबाचे संरक्षण करते; सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून आमच्या लोकांनी उभे आयुष्य घालवले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की सीमेवर जी नोंद सरकार करते ती त्या माणसालाही द्यावी. रेल्वे आठ-दहा रुपये घेऊन तिकीट देते. इमिग्रेशनने माझ्या आवक-जावकेचा उतारा मागितल्यावर का देऊ नये? चुकीची नोंद दुरुस्त करायला तलाठ्याकडे निदान अर्ज देता येतो. येथेही तशी खिडकी आणि मुदत हवी. आणि सरकारची नोंद सरकारच्या ताब्यात असताना हरवली असेल, तर संशयाचा फायदा माणसाला मिळाला पाहिजे, सरकारला नव्हे. १९५० नंतरच्या निर्वासित छावण्यांची, पुनर्वसन खात्याची रजिस्टरे कोलकात्यात, रायपुरात, चंद्रपुरात ज्या कोणत्या कपाटांत आहेत, ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांच्या प्रती काढून त्या त्या कुटुंबांना मिळाव्यात, ही मागणी आंबेडकरी लोकप्रतिनिधींनी सभागृहात लावून धरावी. हा प्रश्न बंगाल्यांचा म्हणून सोडून देणे, हा ज्यांनी बाबासाहेबांना निवडून दिले त्यांच्याशी कृतघ्नपणा ठरेल.

तोवर आपण आपले सांभाळावे. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींनी शिक्का पडला असेल तेथे काउंटर सोडण्याआधीच त्याची तारीख वाचावी. बोर्डिंग पास फेकू नये. अमेरिकेला गेलेल्यांनी आपली आय-९४ ची नोंद संगणकावर उघडून, छापून ठेवावी. ती फुकट मिळते. गल्फला जाणाऱ्याने फिरण्याच्या व्हिसावर कामाला जाऊ नये, आणि करार व पासपोर्ट यांच्या झेरॉक्स घरी एक, शाखेत एक अशा ठेवाव्यात. आणि ज्यांच्या घरात पत्र्याच्या पेटीत आजोबांचा असा पिवळा कागद आहे, त्यांनी तो लॅमिनेट करू नये, गरम प्लास्टिकने जुनी शाई उडते. साध्या पारदर्शक पाकिटात ठेवावा आणि उजेडात नीट फोटो काढून घ्यावा.